मापं बरोबर, आवाज कायम

घरच्या घरी डिफ्रन्शियल, म्हणजे एक्सलमधला चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, उघडणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बेअरिंग हातोडीने ठोकून बसवलेलं असतं, शिम, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्या, ‘होत्या त्याच’ टाकलेल्या असतात, आणि प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर मुद्दाम ठेवायचा ताण, किती ठेवला विचारलं तर ‘हाताला टाइट लागतोय’ असं उत्तर येतं. त्यामुळे एक मुलगा गाडी घेऊन आला आणि म्हणाला, ‘दादा, क्राउन-पिनियन (डिफ्रन्शियलमधला मोठा गोल गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा) मीच बसवलंय, पण ओरडतंय,’ तेव्हा आत काय काय सापडणार ते मी मनात धरूनच बसलो होतो. त्यातलं काहीच सापडलं नाही.

टायर २९ इंचांवरून ३५ वर गेलेले, मूळ रेशो ३.७३, म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे ३.७३ फेरे. एवढा मोठा टायर चढवला की गाडीला पूर्वीची ओढ परत द्यायला हिशेबाने ४.५० च्या आसपासचा रेशो लागतो. त्याने ४.५६ घेतला होता, म्हणजे क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ९. पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलना, कारण फोर बाय फोरमध्ये दोन्हीकडचे रेशो वेगळे असले तर ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटणारा डबा, मधल्यामध्ये पिळली जाते. पुढचा एक्सल निमूट होता. मागचा साठच्या पुढे गेलं की लांबच्या सायरनसारखा सूर धरायचा. ॲक्सिलरेटर दाबला की गप्प, पाय उचलला की पुन्हा सुरू.

बेअरिंग खराब असलं तर घरघर होते आणि पाय दाबला-उचलला तरी तिच्यात फारसा फरक पडत नाही. पाय उचलल्याबरोबर सूर बदलला की संशय दातांवर जातो.

कव्हर उघडलं. तेलात करडी चकाकी, चुंबकावर बारीक लगदा. नव्या गिअरला एवढं व्हायचंच. तुकडा एकही नाही. बेअरिंगच्या कॅपवर पंचाच्या खुणा, डावीला एक ठिपका, उजवीला दोन. या कॅप हाऊसिंगसोबतच बोअर केलेल्या असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही. पण खूण करायचा कंटाळा मी चांगल्या पगारी मेकॅनिकनाही करताना पाहिलाय. डायल गेज लावला. प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.१८ मिमी, आणि क्राउन पूर्ण फिरवून ठिकठिकाणी पाहिला तरी जास्तीत जास्त ०.०३ चा फरक. क्राउनचे बोल्ट थ्रेडलॉकर लावून टॉर्कला कसलेले. नंतर कॅरिअर, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो तो भाग, बाहेर काढून नुसत्या पिनियनचा प्रीलोड बघितला, तर दीड न्यूटन मीटरच्या आसपास. थोडी चाललेली बेअरिंग म्हटल्यावर बरोबरच. खरं सांगायचं तर मला जरा रागच आला. इतकं नीट काम केल्यावर हा आवाज करायचा अधिकार त्या एक्सलला नव्हता.

मग रंग. कॅरिअर परत बसवला, दातांना पिवळी पेस्ट लावली, क्राउनला चिंधीने ब्रेक देत दोन्ही दिशांनी फिरवला. दात जिथे टेकतात तिथे पेस्टमध्ये ठसा उमटतो. ड्राइव्ह बाजूचा, म्हणजे पाय दाबल्यावर जी बाजू टेकते तिचा, ठसा दाताच्या मधोमध, बघत राहावा असा. कोस्ट बाजूचा, म्हणजे पाय उचलल्यावर टेकणाऱ्या बाजूचा, मात्र लांबट होऊन बाहेरच्या टोकाकडे पळालेला. इथे शिमचा खेळ सुरू होतो. माझ्याकडे सेटअप बेअरिंग आहेत, आतलं भोक घासून सैल केलेली जुनी बेअरिंग, हाताने चढतात आणि हाताने निघतात. ती नसतील तर प्रत्येक बदलाला प्रेस आणि पुलर, आणि दर वेळी एखादं चांगलं बेअरिंग मारायची धास्ती. पिनियन ०.०५ ने आत घेतला. कोस्ट सुधारली, ड्राइव्ह बिघडली. बाहेर घेतला, उलटं झालं. प्ले घट्ट केला, सैल केला. एक बाजू मनवली की दुसरी रुसते. दोन्ही बाजू एकाच शिमवर येतच नाहीत, हे जेव्हा होतं तेव्हा दोष बसवण्यात नसतो, गिअरमध्येच असतो.

पिनियन टेबलावर घेऊन डोकं सॉल्व्हंटने पुसलं आणि टॉर्च आडवा धरला. तिथे बरंच काही कोरलेलं असतं: पार्ट नंबर, दातांची संख्या, डेप्थसाठी (पिनियन किती आत बसवायचा त्यासाठी) अधिक-उणेची खूण, आणि इलेक्ट्रिक पेनने खरडलेला जोडीचा नंबर. तोच नंबर क्राउनच्या कडेवर असायला हवा. क्राउनवर वेगळाच होता.

हे गिअर कापल्यानंतर भट्टीत कडक करतात, आणि त्या उष्णतेत ते किंचित वाकडे होतात. म्हणून क्राउन आणि पिनियन एकमेकांत घालून, मध्ये घासणारी पेस्ट सोडून, फिरवून लॅप करतात. ते दात मग त्या एका जोडीदारापुरतेच बसतात. तोच रेशो, तोच मेक, तीच पेटी असली तरी दुसरा पिनियन त्या क्राउनला परकाच. माझ्या पाहण्यातल्या व्हिडिओंमध्ये ठशावर अर्धा अर्धा तास घालवतात, आणि या नंबरबद्दल कुणी तोंड उघडत नाही.

मी विचारलं, ‘तुझ्यासोबत अजून कुणाचं काम झालं का रे?’ तो गप्प झाला. मग म्हणाला, मित्राची तीच गाडी, तोच सेट, दोघांनी एकाच शेडमध्ये मिळून केलं. पार्ट धुतले एकाच घमेल्यात. कॅपना पंच मारणारे हे दोघे, पिनियन मात्र हाताला येईल तो उचलला. मित्राला फोन लावला तर तो म्हणे, आवाज आहे, पण दाबल्यावर. मी गाणी लावतो.

त्याची गाडी आली, उघडली, नंबर उलटसुलट जुळले. आता सगळं पुन्हा. दोन्ही पिनियनवरची डेप्थची खूण वेगळी, म्हणजे शिम नव्याने लावायच्या. शेवटी क्रश स्लीव्ह, म्हणजे पिनियनच्या दोन बेअरिंगमधली नळी, जी दाबून प्रीलोड ठरवतात. ती दबायला सुरुवात व्हायलाच चारशे न्यूटन मीटरच्या आसपास जोर लागतो. योक (पिनियनच्या टोकाचा जोड) धरायला एक माणूस, लांब पाइपावर दुसरा, आणि ती एकदा दबायला लागली की नट केसभर फिरवायचा आणि प्रीलोड बघायचा. जास्त झालं तर नट मागे फिरवून भागत नाही, स्लीव्ह फेकायची आणि नवी घालायची. दोघांनी आळीपाळीने पाइप धरला. कुणाचा पिनियन कुणी आधी उचलला यावर त्यांचं भांडण मात्र शेवटपर्यंत चालू होतं.

पहिली गाडी पूर्ण शांत झाली. आवाजाची लाज वाटून त्याने ती फारशी चालवलीच नव्हती. दुसऱ्याने मात्र पहिल्या ८०० किलोमीटरमध्ये ओढकाम करायचं नसतं हे ऐकून न ऐकल्यासारखं करून भरलेला ट्रेलर ओढला होता. त्याच्या गाडीत सत्तर-ऐंशीच्या दरम्यान, पाय जेमतेम ठेवलेला असताना, बारीक गुणगुण राहिलीय. दोन्ही बाजूंचे ठसे ठीक आहेत. पण ४१ आणि ९ ला एकच सामाईक भाजक, १, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या एकूण एक दाताला भेटतो. ४० आणि १० असते तर एकेक दात ठरावीक चार दातांशीच घासला असता. इथे परक्या पिनियनने त्या तापलेल्या क्राउनचा एकही दात सोडलेला नाही. लॅपिंगचं किती खाल्लं, ते रंगात दिसत नाही.

त्या दुसऱ्याचं म्हणणं, ‘दादा, एवढा चालतो.’ मला चालत नाही. गुणगुणणारे गिअर वर्षानुवर्षं टिकलेले मी पाहिलेत आणि दात सोलून आलेलेही पाहिलेत. शिम अजून ०.०५ ने हलवून बघावी असं हाताला वाटतं, पण चांगला ठसा मोडून नुसत्या कानाच्या भरवशावर पिनियन हलवणं माझ्या शिस्तीत बसत नाही. आठशे किलोमीटरला तेल बदलायला तो येणार आहे. कव्हर तेव्हा उघडेलच. कोस्ट बाजूचे दात भिंगाखाली घेईन, चुंबक बघेन, आणि नवा सेट घे म्हणायचं की नाही ते त्याच दिवशी सांगेन. ट्रेलर तोपर्यंत लावायचा नाही, हे त्याच्या मित्रासमोर कबूल करून घेतलंय.