मेल सर्व्हर: आधी आयपी, मग पोस्टफिक्स

स्वतःचा मेल सर्व्हर उभारताना पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) आणि डोव्हकॉट (मेलबॉक्स उघडून देणारा प्रोग्रॅम) बसवायला एक दुपार पुरते. मेल स्पॅममध्ये का पडतेय याचा शोध मात्र महिनाभर चालू शकतो. म्हणून सर्व्हर भाड्याने घेण्याआधीच दोन गोष्टी विचारून घ्या: बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो) उघडा आहे का, आणि आयपीचा पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) बदलून मिळतो का. बऱ्याच क्लाउड कंपन्या २५ बंदच ठेवतात. पीटीआर आपल्या डोमेनच्या डीएनएसमधून बदलता येत नाही, तो आयपी देणाऱ्याच्या हातात असतो. एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरीकडे बघा. आयपी मिळाल्यावर लगेच तो स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या काळ्या याद्यांमध्ये तपासा. आधीच्या भाडेकरूची पापं नव्यालाच फेडावी लागतात.

पीटीआरमधलं नाव, त्या नावाचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) आणि सर्व्हर हेलोमध्ये (जोडणीच्या सुरुवातीच्या ओळखीत) सांगतो ते नाव, तिन्ही एकमेकांशी जुळते ठेवा. एमएक्स (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे जाते ते सांगणारी नोंद) कधीही सीनेमकडे (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या टोपणनावाकडे) वळवू नका. आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्यालाही पीटीआर हवा, नाहीतर जीमेल मेल परत पाठवतं. जमत नसेल तर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा.

एसपीएफमध्ये (तुमच्या डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी नोंद) डीएनएसच्या १० चौकश्यांची मर्यादा आहे. चार-पाच सेवांचे इन्क्लूड (त्यांच्या नोंदींचे संदर्भ) जोडले की ती कधी ओलांडली ते कळतही नाही, आणि मग अख्खा रेकॉर्ड बाद धरला जातो. डीकिमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) २०४८ बिटची चावी टीएक्सटी या डीएनएस नोंदीच्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, दोन तुकड्यांत द्यावी लागते. डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आधी ‘नन’वर (काहीच करू नका) ठेवा, काही आठवडे अहवाल वाचा, मगच ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका).

मोजक्या खात्यांना २ जीबी रॅम पुरते. क्लॅमएव्ही (व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम) हवं असेल तर ४ धरा, कारण व्हायरस ओळखायच्या खुणांनीच एक जीबीहून जास्त रॅम खाल्ली जाते.

डीएनएससाठी सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसच्या चौकश्या करणारा प्रोग्रॅम) चालवा, हे बरेच जण टाळतात. सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून स्पॅमहाउस या काळ्या यादीला विचारलं तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं. त्याचा अर्थ ‘तुमची चौकशी स्वीकारत नाही’ असा आहे, पण कोणतंही उत्तर आलं की मेल नाकारा असं लिहून ठेवलं असेल तर येणारी प्रत्येक मेल दारातूनच परत जाते.

वापरकर्त्यांना लॉगिन ४६५ (मेल पाठवायला) आणि ९९३ (मेल वाचायला) या पोर्टवर द्या, २५ वर नको. पोस्टफिक्सची एका मेलच्या आकाराची मूळ मर्यादा १०२४०००० बाइटची असते, आणि बेस६४ मुळे (फाइल मजकुरात बदलायची पद्धत) जोडलेली फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे साडेसात एमबीच्या आसपासच गाडी अडते. एन्क्रिप्शनचं टीएलएस प्रमाणपत्र नवं झाल्यावर डोव्हकॉट रीलोड करायची आज्ञा त्याच नूतनीकरणाला जोडून टाका, नाहीतर तो जुनंच दाखवत राहतो.

राखीव एमएक्सच्या (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरच्या) नादी मात्र लागू नका. सर्व्हर रात्रभर बंद पडला तरी पाठवणारे सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, पोस्टफिक्स तर ५ दिवस मेल रांगेत ठेवतो. राखीव सर्व्हरवर गाळणी ढिली असते आणि स्पॅमवाले नेमके तिथूनच घुसतात.