एफ-वन दाबलं की काय दिसावं

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. ऑर्डर, पॅकिंग, चलन, बिल असं सगळं मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या एका प्रोग्रामवर चालतं. प्रोग्राम जुना आहे, पण कुरकुर न करता चालतो. त्याची माहितीपुस्तिका कपाटात आहे, स्पायरल बाइंडिंग केलेली, अजून कोरी करकरीत. कुणी अडलं की पुस्तिकेकडे जात नाही, पॅकिंगच्या टेबलावरून हाक येते, "मॅडम, हितं काय टाकायचं ओ?" मागांच्या खडखडाटातूनही ती हाक मला बरोबर ऐकू येते.

पुस्तिका वाईट लिहिलेली नाही. तिची मांडणी मेनूप्रमाणे आहे, एवढंच. आधी मास्टर (पार्टी, ट्रान्सपोर्ट अशा कायमच्या याद्या), मग व्यवहार, मग रिपोर्ट. पण 'व्यवहारात अडलो' असं कधी कुणी म्हणतं का? माणूस अडतो तो एका चौकोनात. कर्सर लुकलुकत असतो, बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत असतो, आणि त्या चौकोनात काय भरायचं तेवढंच त्याला हवं असतं. म्हणून एफ-वन दाबलं की दिसणारी स्क्रीनवरची मदत करायला घेतली तेव्हा अनुक्रमणिकेच्या नादाला लागलेच नाही. प्रत्येक फॉर्म उघडला आणि चौकोन मोजून काढले.

ॲक्सेसमध्ये फुकटात मिळणाऱ्या सोयी आधी वापरल्या. प्रत्येक चौकोनाची प्रॉपर्टी शीट, म्हणजे गुणधर्मांची यादी असते. तिच्या 'अदर' टॅबमध्ये कंट्रोल टिप आणि स्टेटस बार टेक्स्ट अशा दोन ओळी असतात, दोन्हींना २५५ अक्षरांची मर्यादा. टिप दिसायला माउस त्या चौकोनावर न्यावा लागतो. आमच्या पॅकिंगवाल्यांचा उजवा हात नंबरपॅडवर आणि डावा टॉवेलच्या थप्पीवर, माउसला हात लावतो कोण? स्टेटस बारची ओळ मात्र कर्सर चौकोनात गेला की खाली आपोआप येते. म्हणून छोट्या सूचना सगळ्या तिथेच टाकल्या.

मोठ्या मजकुरासाठी सरळ रस्ता म्हणजे सीएचएम, विंडोजची मदतीची पानं एकत्र बांधलेली फाइल. फॉर्मला हेल्प फाइलचं नाव द्यायचं, प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे चौकोनाला, हेल्प कॉन्टेक्स्ट आयडीचा एक आकडा द्यायचा, की एफ-वन दाबल्यावर नेमकं तेच पान उघडतं. कंट्रोलचा आकडा शून्य असेल तर फॉर्मचा आकडा धरला जातो. तिथेही काही दिलेलं नसेल तर ॲक्सेसची स्वतःची मदत समोर येते, आणि पॅकिंगवाला बिचारा क्वेरी म्हणजे काय ते वाचत बसतो. कागदावर ही व्यवस्था फार छान आहे. इंग्रजीत लिहायचं असेल तर तीच घ्या.

मराठीत मात्र ती अडते. सीएचएममधली पानं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही लिपीत ठेवता येतात, पण डावीकडची अनुक्रमणिका आणि सूची अक्षरं साठवायच्या जुन्या आन्सी पद्धतीच्या. देवनागरीला विंडोजचं आन्सी कोडपेजच, म्हणजे त्या पद्धतीचा अक्षरांचा तक्ताच नाही, त्यामुळे तिथे मराठी मथळ्यांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग लागते. शिवाय आमचा सगळा माल सर्व्हरवर, आणि २००५ च्या सुरक्षा अपडेटपासून नेटवर्कवरची सीएचएम उघडली की मजकुराच्या जागी पान रद्द झाल्याचा निरोप येतो. प्रत्येक मशिनवर फाइल वेगळी ठेवायची, तर दुरुस्ती केली की पुन्हा सगळीकडे फिरा.

मग मदत प्रोग्रामच्याच पोटात घातली. एक टेबल केलं: फॉर्मचं नाव, कंट्रोलचं नाव, मजकूर. कुठलं बटण दाबलं की काय व्हावं ते ठरवणाऱ्या ऑटोकीज नावाच्या मॅक्रोत एफ-वनला एक फंक्शन जोडलं. ते फंक्शन आधी कर्सर कुठे आहे ते टिपून घेतं, मग टेबलातली ती ओळ एका छोट्या खिडकीत दाखवतं. हा क्रम पाळावाच लागतो, कारण खिडकी आधी उघडली तर कर्सर तिच्यातच जाऊन बसतो. मजकूर कोडमध्ये लिहायचा नाही, ॲक्सेसचा कोड ज्यात लिहितात त्या व्हीबीएच्या एडिटरलाही देवनागरी कळत नाही. टेबलात मात्र मराठी नीट राहते, आणि दुरुस्ती एका जागी केली की सगळ्यांना दिसते.

खरा वेळ गेला तो मजकूर लिहिण्यात. जीएसएमच्या चौकोनासाठी मी आधी व्याख्या लिहिली होती. पॅकिंगच्या अण्णांनी ती वाचली आणि म्हणाले, "हे बरोबर हाय, पण वजनाच्या काट्यावर काय बघायचं?" आता तिथे असं आहे: "एका टॉवेलचे ग्रॅम भागिले चौरस मीटर. ७५ बाय १५० सेंटीमीटरचा डझन ५.४ किलो भरला, तर एक टॉवेल ४५० ग्रॅमचा, जीएसएम ४००." जीएसटी क्रमांकाच्या चौकोनात: "१५ अक्षरं. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. पार्टी हैदराबादची आणि सुरुवात २७ ने, तर आधी फोन करा." पहिल्या ओळीत काय भरायचं, मग ते कुठून मिळेल. नियम का आहे ते शेवटी, आणि तेही जमलं तर.

बिलिंगच्या माणसाला टॅक्सचा खुलासा सविस्तर लागतो, पॅकिंगला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून टेबलात विभागाचा एक कॉलम वाढवला, लॉगिनप्रमाणे मजकूर बदलतो. मदत आपणहून मात्र उघडत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस ९७ मधली ती डोळे मिचकावणारी कागदाची क्लिप आठवते ना? पत्र लिहायला घेतलं की मध्ये टपकायची. ऑफिस एक्सपीत ती आपणहून येणं बंद झाली आणि २००७ मध्ये गेलीच. विचारल्याशिवाय बोलणारं माणूस ऑफिसात एक पुरे, आणि ते पद आमच्याकडे भरलेलं आहे.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडली ती एक फालतू वाटणारी सोय. एखाद्या चौकोनासाठी मजकूर नसेल तर एफ-वन दाबल्याची नोंद दुसऱ्या टेबलात होते. शनिवारी ती यादी काढते. मला वाटलं होतं टॅक्सचे चौकोन वर असतील, तर सारखा वर येतो 'ट्रान्सपोर्ट'. एकाच ट्रान्सपोर्टची तीन नावं मास्टरमध्ये आहेत, त्यातलं कोणतं निवडायचं हे कुणालाच ठाऊक नाही. तिथे मदत लिहून काय होणार? मास्टरच साफ करायला घेतलाय.

मालक परवा म्हणाले, आपली निम्मी माणसं तेलुगू बोलतात, तर तेलुगूतही करून टाका. कॉलम वाढवायला कितीसा वेळ लागतो, लगेच वाढवला, आणि मजकूर तपासायला अण्णांना बोलावलं. अण्णा म्हणाले, "मॅडम, घरात बोलतो तेलुगू, पण शाळा मराठी. आम्हाला ते वाचता कुठं येतं ओ?" कॉलम काढून टाकला.