विद्वानांचे केस

इजिप्त मोहिमेतल्या (१७९८) नेपोलियनच्या फौजेच्या छोट्या आकृत्या रंगवायचं काम पुण्याच्या एका वॉरगेमरकडून (टेबलावर लढायांचा खेळ मांडणाऱ्याकडून) माझ्याकडे रत्नागिरीत आलं, तेही भर आषाढात. शिपाई आधीच झाले होते. उरले होते नेपोलियनने फौजेसोबत नेलेले विद्वान: २८ मिमीच्या १२ धातूच्या आकृत्या आणि २ गाढवं. ममलूक (तेव्हा इजिप्तवर सत्ता असलेले) घोडेस्वार चालून आले की फ्रेंच पलटण चौकोन करायची आणि 'गाढवं नि विद्वान मध्ये घ्या' अशी आरोळी पडायची, ही दंतकथा प्रत्येक खेळाडूला पाठ. त्यामुळे गाढवं हवीतच.

शिपाई रंगवायला सोपे. निळा एकदा ठरला की वीस कोट एका बैठकीत उरकतात. विद्वानांना मात्र गणवेश नव्हता, प्रत्येकाचा कोट वेगळा ठरवावा लागतो. काळा कोट निव्वळ काळ्याने रंगवला तर घड्या बुडतात. मी काळ्यात थोडा तपकिरी घालून आधी सगळीकडे लावतो, मग खांदे, कोपर आणि कोटाच्या शेपटीच्या कडा मातकट राखाडीने उजळतो. उन्हात विटलेलं कापड तसंच दिसतं. पांढऱ्या विजारीला आधी खाकी राखाडी, त्यावर पातळ तपकिरी वॉश (घड्यांत साचणारा पाणीदार रंग), शेवटी मळकट पांढरा फक्त उंचवट्यांवर.

या हवेत स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारायचाच नाही. पृष्ठभाग खरखरीत होतो आणि चेहऱ्याचं कोरीवकाम त्याखाली जातं. साबणाच्या कोमट पाण्याने धातू धुवायचा, साच्याची रेघ बारीक कानशीने काढायची, मग ब्रशने प्रायमरचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. बल्ब लावलेल्या खोक्यात ठेवलं तर बरं. आकृतीच्या बेसला (तळाच्या चकतीला) इथल्या मांडवी किनाऱ्याची वाळू चालत नाही: ती काळी, इल्मेनाइट या खनिजाची, आणि खारी. मीठ ओल धरतं, नंतर रंगावर पांढुरकं फुटतं. नदीची वाळू चहाच्या गाळणीने चाळून, धुऊन, फेव्हिकॉलवर बसवायची आणि वर फिकट पिवळी माती रंगवायची.

खरा वाद केसांवरून झाला. गिऱ्हाइकाचं म्हणणं, "दादा, विद्वान म्हणजे पिकलेले केस. सगळ्यांचे पांढरे करा." आकृत्या घडवणाऱ्यानेही बहुतेकांना सुरकुत्या दिल्यात, कंपन्यांना म्हाताराच विद्वान वाटतो. आता गणिती मोंज ५२ वर्षांचा, रसायनशास्त्रज्ञ बेर्तोले ४९ चा, ते ठीक. याच मोहिमेतल्या शुब्राखीतच्या लढाईत नाईलवरच्या होडीत बेर्तोलेने खिशात दगड भरले होते, म्हणजे बुडायचंच झालं तर लवकर बुडता यावं, असं सांगतात. त्याचे खिसे मी मुद्दाम गडद सावलीने फुगीर केले. पण प्राणिशास्त्रज्ञ जोफ्रुआ सेंतिलेर २६ चा, आणि एकोल पॉलिटेक्निक या पॅरिसच्या अभियांत्रिकी शाळेची पोरं तर विशीच्या आतबाहेरची. त्यांतला व्हिल्ये द्यू तेराज १८ चा होता, त्याने परीक्षाही कैरोत दिली.

वय केसांपेक्षा जबड्यावर दाखवता येतं. मोठ्यांच्या हनुवटीवर निळसर राखाडीची अगदी पातळ ग्लेझ (पारदर्शक हात), गालफडाखाली थोडी जास्त. पोरांचा जबडा कोरा ठेवायचा, डोळ्यांखाली सावली नाही, नाकावर आणि गालांवर मात्र उन्हाचा लालसर पातळ हात. डोळ्यात शुद्ध पांढरा भरू नये, आकृती भेदरल्यासारखी दिसते. गडद तपकिरी रेघ, तिच्यात दोन फिकट ठिपके, बस्स.

पण गिऱ्हाइकाचं एक म्हणणं खोडता येत नाही. टेबलावर आकृती हातभर अंतरावरून दिसते, तिथे जबडा कुणाला दिसणार? पांढरं डोकं लगेच दिसतं. म्हणून हातातल्या कागदांच्या गुंडाळ्या मी सगळ्यांत उजळ रंगवल्या. नजर आधी तिथे जाते, विद्वान ओळखू येतो. वय ओळखू येतं का, तर नाही. फोटो पाठवले. उत्तर आलं, "निदान दोन पोरांचे तरी पांढरे कराच." पुस्तकात नसलेलं रंगवायला हात जात नाही, आणि पैसे त्याचे आहेत. त्या दोघांवर अजून व्हार्निश मारलेलं नाही. तसंही पाऊस उघडल्याशिवाय मॅट व्हार्निश पांढरं धरतंच.