अर्ध्या किलोच्या इंजिनाला वजन देताना

मॉडेल रेल्वेतलं वाफेचं इंजिन हातावर घेतलं तर जेमतेम अर्धा किलो भरतं. खरं डब्ल्यूजी इंजिन, म्हणजे भारतीय ब्रॉडगेजवर मालगाड्या ओढणारं वाफेचं इंजिन, टेंडरसकट (कोळसा-पाण्याच्या मागच्या डब्यासकट) दीडशे टनांच्या वर. हा फरक शिसं घालून भरून निघत नाही, वेळेने भरावा लागतो. हाताने नॉब फिरवला आणि चाक फिरलं, यांच्यामध्ये जो वेळ जायला हवा, तो इंजिनातल्या डिकोडर नावाच्या, मोटर आणि आवाज चालवणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या सर्किटमध्ये लिहावा लागतो. कुडाळला माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. इन्व्हर्टर, पंपांचे स्टार्टर हे रोजचं काम. डिकोडरची कामं क्वचित येतात आणि मी त्यांची वाट बघत असते.

गेल्या पावसाळ्यातलं काम वेंगुर्ल्याजवळच्या एका घरातलं. दादांनी माळ्यावर एचओ मापाची, म्हणजे 1:87 प्रमाणातली रेल्वे मांडली आहे. इंजिन मुळात अमेरिकी मिकाडो. चाकांची मांडणी 2-8-2, म्हणजे डब्ल्यूजीचीच, म्हणून काळा रंग देऊन त्याचं डब्ल्यूजी केलेलं. रूळ ब्रॉडगेजच्या मानाने अरुंदच. 1676 मिलिमीटरला 87 ने भागलं तर सव्वाएकोणीस येतात आणि एचओचे रूळ साडेसोळाचे. गाडी चालू लागली की मात्र नजर रुळांच्या रुंदीवर राहत नाही, चालीवर जाते.

चालीचीच तक्रार होती, आणि ती दादांच्या वडिलांची. आबा भुसावळच्या शेडमध्ये आधी फायरमन, मग ड्रायव्हर. मालगाड्या आणि डब्ल्यूजी यांतच त्यांची उमेदीची वर्षं गेली. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 ला खुला झाला तो डिझेलवर, आता तो विजेवर आहे. वाफ इकडे नेमाने धावलीच नाही. त्यामुळे त्या घरात वाफेचं इंजिन कानात असलेला माणूस एकच. डिकोडर कारखान्यातून आला तसाच होता. दादांनी नॉब फिरवला, इंजिन टुणकन सुटलं, शून्यावर आणला तर जागच्या जागी थांबलं. आबा खुर्चीतून म्हणाले, "इंजिन बरां हा गो बाय. पण ह्येका वजन खंय हा?"

पहिला तास रूळ पुसण्यात गेला. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत रुळांवर आणि चाकांवर पातळ थर धरतो. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरमधले आकडे वाचायच्या-बदलायच्या रुळावर, डिकोडर बोलून उत्तर देत नाही, मोटर क्षणभर चालू करून निदान 60 मिलिअँपिअरचा, सहाएक मिलिसेकंदांचा एक ठोका देतो. चाक आणि रूळ यांच्यात मळ असला की तो ठोका हरवतो आणि संगणकावर नुसतं 'वाचता आलं नाही' येत राहतं. लोक डिकोडर जळला समजून बदलायला निघतात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं घ्या.

मग वेग. रुळाच्या कडेला खडूने एक मीटर आखला. 1:87 मध्ये ताशी 30 किलोमीटर म्हणजे हा मीटर साडेदहा सेकंदांत, ताशी 60 म्हणजे सव्वापाचात. आलेलं इंजिन पूर्ण नॉबवर तो तीन सेकंदांच्या आत कापत होतं. मालगाडीचं इंजिन एक्स्प्रेसलाही लाजवेल असं. डिकोडरमधल्या बदलता येणाऱ्या आकड्यांना सीव्ही म्हणतात. सीव्ही 5 म्हणजे कमाल वेग, तो ताशी 60 किलोमीटरवर आणला. सीव्ही 2 म्हणजे सुटतानाचा व्होल्टेज, तो चाक रांगेल इतकाच ठेवला. मधला सीव्ही 6 निम्म्याहून खाली घेतला, म्हणजे नॉबचा पहिला अर्धा भाग सावकाश चालीसाठी मोकळा राहतो. शंटिंग तिथेच होतं.

भकभक चाकाशी जुळवणं हा माझा आवडता भाग. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात वाफ पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार भक. चाकाला पांढरा ठिपका लावला, फोनवर संथ चित्रण केलं आणि ठिपका वर येईपर्यंत चार ऐकू येतील असं जुळवलं. डब्ल्यूजीचं चाक पाच फूट दीड इंचाचं. ताशी 10 किलोमीटरला सेकंदाला दोनाहून थोडे जास्त भक, 30 ला जवळजवळ सात. आबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

वजनाचा प्रश्न अजून तसाच होता. सीव्ही 3 म्हणजे वेग घ्यायला लागणारा वेळ, सीव्ही 4 म्हणजे सोडायला लागणारा. आकड्याला 0.896 ने गुणलं की थांब्यापासून कमाल वेगापर्यंतचे सेकंद मिळतात. सीव्ही 3 ला 60 घातले, म्हणजे सुमारे 54 सेकंद. बहुतेक जण सीव्ही 4 ला तेवढाच किंवा त्याहून कमी आकडा देतात, कारण गाडी स्टेशनाबाहेर जाईल ही भीती. मी आबांना विचारलं, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा दांडा) मिटल्यावर भरलेली गाडी काय करायची? ते हसले. रेग्युलेटर मिटला म्हणून गाडी थांबत नाही, थांबवतो तो ब्रेक; मधल्या अंतरात गाडी आपल्या वजनावर जात राहते, भकभक बंद होते आणि फक्त दांड्यांची खणखण उरते.

हेच त्या डिकोडरमध्ये करता येत होतं. सीव्ही 4 ला 120 घातले आणि ब्रेक एका वेगळ्या बटणावर दिला. आता ताशी 30 वर नॉब शून्य केला तर इंजिन अडीच मीटर नुसतं घरंगळतं, आवाज दांड्यांचा. बटण दाबून धरलं की वेग उतरतो, सोडलं की पुन्हा घरंगळणं. नॉब आणि बटण आबांच्या हातात दिलं. त्यांनी बोगद्याच्या तोंडाशीच रेग्युलेटर मिटला, ब्रेक थोडा लावला, सोडला, पुन्हा लावला आणि डबे फलाटाला बरोबर लावले. त्यांना एकदाही सांगावं लागलं नाही. दादांना मात्र ते संध्याकाळपर्यंत जमलं नव्हतं.

चढावर अजून एक गोम निघाली. डिकोडर मोटरचा पुरवठा क्षणभर तोडतो, फिरत्या मोटरने उलट दिलेला व्होल्टेज मोजतो आणि वेग राखतो. रांगत्या चालीला हे वरदान. पण दादांचा चढ 1:50 चा आहे (कोकण रेल्वेने आपला 1:150 च्या आत ठेवला), आणि त्यावर आठ डबे घेऊन इंजिन सपाटीच्याच वेगाने चढत होतं. वाफेचं इंजिन असं चढत नाही. वरच्या वेगांना या नियंत्रणाचा जोर कमी केला, मोटरवरचा भार वाढला की भक खोल होईल असं लावलं. इंजिन चढावर मंदावलं, आवाज जड झाला. आबा खुर्चीतून उठून रुळांजवळ येऊन उभे राहिले.

थांबलेल्या इंजिनातून अधूनमधून धपधप येत होती. "ह्यो आवाज कसलो?" त्यांनी विचारलं. तो हवेच्या ब्रेकचा पंप. ध्वनी अमेरिकी, तिथे एअर ब्रेक. आबांच्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक, तिथे इजेक्टरची, म्हणजे वाफेच्या झोताने ब्रेकच्या नळीतली हवा ओढून घेणाऱ्या यंत्राची, सतत सुसाट फुसफुस. पंप बंद केला. इजेक्टर त्या संचात नव्हता. आबांनी तो तोंडाने करून दाखवला, आधी लहान इजेक्टर, मग मोठा. मी फोनवर मुद्रित करून घेतलं आहे, खरं ध्वनिमुद्रण मिळालं की त्याच्याशी ताडून पाहायला.