पेव : सुटलेला शब्द पुन्हा अडला

मागील नोंदीत 'पेव' (धान्य साठवण्याचा जमिनीखालील खड्डा) या शब्दाचे मूळ सुटले, असे मी मोठ्या विश्वासाने लिहिले होते. ते मागे घ्यावे लागत आहे. जमीन धान्य पिते म्हणून पेव, असे जे 'पिणे'शी नाते मी जोडले होते, ते दिसायला गोंडस असले तरी त्याला एकाही जुन्या रूपाचा आधार नव्हता, आणि ज्या लोकव्युत्पत्तीवरून (केवळ उच्चाराच्या साम्यावरून मूळ ठरवण्यावरून) मी इतरांना टोकत आलो तिच्यातच मी स्वतः अडकलो होतो.

हा शब्द माझ्या शब्दांच्या वहीत आला तो सांगलीजवळच्या हरिपूरमुळे. 'शिकवणीवर्गांचे पेव फुटले आहे' असे वाक्य मी शाळेपासून लिहीत आलो. पण कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हळदीची पेवे पाहीपर्यंत डोळ्यांसमोर काहीच येत नव्हते. अरुंद तोंड, आत रुंदावत गेलेले पोट, आणि उघडल्यावर कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणालाही आत उतरू न देण्याची दक्षता, एवढे एकदा पाहिले की अर्थ पाठ करावा लागत नाही. (2005 च्या महापुराने त्यांतील बरीच पेवे निकामी केली.)

खरी अडचण कोशात निघाली. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातील मराठी-इंग्रजी कोशाची संगणकीय आवृत्ती सोयीची आहे, परंतु तिच्यात आजच्या लेखनाने शोधणाऱ्याची फसगत होते. 1962 च्या नियमांनी काढून टाकलेले अनुच्चारित अनुस्वार तेथे जागच्या जागी असल्याने 'पेव' शोधून दोन संध्याकाळी वाया गेल्या आणि 'पेंव' टाकताच शब्द हाती आला. त्या एका टिंबाने माझी जुनी कल्पना मोडीत काढली, कारण 'गांव', 'नांव' यांतील अनुस्वार 'ग्राम', 'नाम' यांतील मकाराची खूण आहे, तर 'पिणे'शी नाते सांगणाऱ्या 'पेय'मध्ये अनुनासिकाचा मागमूसही नाही.

वाट दाखवली ती शेजारच्या, मूळच्या जतकडील मावशींनी. ज्वारी पाखडता पाखडता त्या म्हणाल्या, "तुमचं पेव म्हंजे आमचं हगेव की ओ!" धान्य साठवण्याच्या जमिनीखालील खड्ड्याला कन्नडमध्ये 'हगेवु' म्हणतात, आणि जुन्या कन्नडमधील आरंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला; तमिळमध्ये अजून 'पाल' असलेले दूध कन्नडमध्ये 'हालु' झाले ते त्यामुळेच. मग मराठीने हा शब्द 'प' शाबूत असतानाच उचलला असेल काय? मला ही शक्यता मोहात पाडते, आणि नेमकी म्हणूनच तिच्याविषयी मी साशंक आहे. मधला 'ग' गळाला असे मानावे लागते, आणि ते टिंब येथेही आडवे येतेच.

दरम्यान एक छोटा आनंद. ऐकलेले वाक्य मिळाल्याशिवाय शब्द वहीत चढवायचा नाही, असा माझा नियम आहे. परवा मार्केट यार्डात एक अडते पुकारत होते, "हमालांना तराजूपाशी बोलवा, हळदीचा लिलाव सुरू होतोय." एका वाक्यात अरबी हमाल, फारसी तराजू, संस्कृत हरिद्रेपासून आलेली हळद आणि पोर्तुगीज 'लेइलांव'पासून आलेला लिलाव! चार पाने एकदम भरली. शब्द पाठ करण्यासाठीच्या छापील पत्त्यांचे संच विकत घेणाऱ्यांना मी सांगत आलो आहे की एका सकाळचा यार्ड त्यांच्याहून अधिक शिकवतो.

पुढील महिना ऊस, काकवी, चिपाड आणि गुऱ्हाळ यांच्यासाठी राखून ठेवला होता. तो बेत हे लिहिता लिहिताच बदलत आहे. मावशी पुरणपोळीला 'होळिगे' म्हणतात, हे आत्ता आठवले. पोळी आणि होळिगे ही जोडी 'प' आणि 'ह' यांच्या वहीत पहिल्या ओळीवर लिहितो. पोळीचे मूळ प्राकृतात असो वा दक्षिणेत, ते नंतर पाहू. गुऱ्हाळ थांबेल, हंगाम अजून दूर आहे. रविवारी मावशींना बरोबर घेऊन हरिपूरला जाण्याचे ठरवले आहे, आणि पेवाच्या एकेका भागाला त्यांच्या गावी काय म्हणतात ते तेथेच उभे राहून लिहून घेणार आहे.