कैद्यांच्या मागण्यांवरून इतिहास शोधताना

राजकीय चळवळी आणि कैद्यांचे हक्क यांचा इतिहास डिजिटल संग्रहांतून शोधण्याचे काम मी गेली काही वर्षे मुंबईत बसून करीत आहे. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. हा शोध नेत्यांच्या नावांपासून किंवा चळवळींच्या घोषणांपासून सुरू करू नये. कैद्याने काय मागितले होते, तेथून सुरू करावा. शोधाच्या चौकटीत ‘राजबंदी’ असे लिहिले की सत्कार, जयंत्या, भाषणे आणि स्मरणिका यांचा ढीग समोर येतो. त्याऐवजी टपाल, वर्तमानपत्र, अंघोळ, मुलाकात, हस्तलिखित, संचित रजा (शिक्षा भोगत असताना काही दिवस घरी जाण्याची मुभा) असे काही लिहून पाहावे, म्हणजे गजांआडच्या माणसाचा हक्क प्रत्यक्षात कोणत्या गोष्टीवर अडला होता ते दिसू लागते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे 1999 साली उभ्या राहिलेल्या फ्रीडम आर्काइव्ह्ज या संग्रहात मला हे प्रथम जाणवले. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या, 12,000 तासांहून अधिक भरतील इतक्या ध्वनिफिती आणि चित्रफिती तेथे जपलेल्या आहेत. रेडिओवरचे कार्यक्रम, मुलाखती आणि सभा यांच्या जोडीला पत्रके व भित्तिपत्रकेही आहेत, आणि त्यातील बराच भाग घरबसल्या पाहता-ऐकता येतो. न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका तुरुंगाचा ताबा 9 सप्टेंबर 1971 रोजी सुमारे 1,300 कैद्यांनी घेतला, हे अनेकांनी वाचलेले असते. त्यांच्या मागण्या मात्र फार थोड्यांनी वाचलेल्या असतात. धर्मपालनाचे स्वातंत्र्य, कामाला कायद्याने ठरलेले किमान वेतन, वर्तमानपत्रांवरील आणि पत्रव्यवहारावरील निर्बंध उठवणे, बरे अन्न, नीट औषधोपचार असे त्यांचे मागणे होते. त्या तुरुंगात आठवड्यातून एकदा अंघोळ आणि महिन्याला टॉयलेट पेपरची एक गुंडाळी मिळत असे. बंड म्हणून ज्याची नोंद झाली, त्याच्या तळाशी इतक्या साध्या गोष्टी होत्या.

13 सप्टेंबरला पोलिसांनी गोळीबार करून तुरुंग परत ताब्यात घेतला, आणि त्यात 29 कैदी व ओलीस धरलेल्यांपैकी 10 जण मृत्युमुखी पडले. कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले, असे अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी सांगितले आणि वर्तमानपत्रांनी ते छापले. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनातून कळले की ओलीस गोळ्या लागून मेले होते, आणि बंदुका तर फक्त हल्ला करणाऱ्यांकडे होत्या. तुरुंगातील एखाद्या घटनेविषयी जुनी वर्तमानपत्रे चाळताना मी घटनेच्या दिवसापाशी थांबत नाही. पुढच्या आठवड्याचे अंकही पाहतो. पहिली बातमी नेहमी तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याची असते, कारण आतल्या माणसाला त्या दिवशी बोलताच येत नाही.

आपल्याकडील सरकारी दप्तराची मांडणी निराळी आहे. काळा घोडा परिसरात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे, आणि त्याची सुरुवात 1821 सालची आहे. तेथील कागद चळवळीनुसार लावलेले नसून खात्यानुसार आणि सालानुसार लावलेले असतात, त्यामुळे स्वातंत्र्यलढ्यातील सत्याग्रही शोधायचा तर गृह खात्याच्या ‘विशेष’ शाखेत जावे लागते, म्हणजे त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या दारात. चळवळीने स्वतः जपलेल्या संग्रहात माणूस बोलताना सापडतो, तर सरकारी दप्तरात त्याच्याविषयी कोणी काय कळवले ते सापडते. दोन्ही वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

मराठी वाचकाने आवर्जून शोधावे असे एक प्रकरण न्यायालयीन निकालांच्या डिजिटल संग्रहात आहे. 1962 च्या भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी मुंबई जिल्हा कारागृहात होते. तेथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक पुस्तक मराठीत लिहून पूर्ण केले आणि प्रकाशनासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. स्थानबद्धांच्या शर्तींविषयी 1951 चा जो आदेश होता, त्यात पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याची सवलत कोठेही दिलेली नाही, सबब ती मिळू शकत नाही, असे सरकारचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. राज्य सरकार अपिलात गेले आणि 6 सप्टेंबर 1965 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. नियमांत ज्याला मनाई केलेली नाही ते स्वातंत्र्य स्थानबद्धाकडे शिल्लकच असते, ते सवलत म्हणून मागून घ्यावे लागत नाही, हा न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या निकालाचा गाभा आहे. (भारतीय सैन्य लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडून गेले, तो हाच दिवस. देश युद्धात असताना संरक्षण नियमांखालील एका बंदिवानाचा हा हक्क मान्य झाला, याचे मला मोठे मोल वाटते.)

हा निकाल मुंबईच्या तुरुंगातून, एका मराठी पुस्तकामुळे उभा राहिला, तरी मराठीतून शोधणाऱ्याच्या हाती तो सहजासहजी लागत नाही. संग्रहातील वर्णने इंग्रजीत असतात, आडनावे कारकुनाच्या कानाला येतील तशी नोंदलेली असतात, आणि जुन्या मराठी छपाईतील जोडाक्षरे संगणकाला नीट वाचता येत नाहीत. सायक्लोस्टाइल केलेल्या, म्हणजे मेणकागदावर टंकून यंत्राने प्रती काढलेल्या पत्रकांची अवस्था आणखी बिकट आहे. शाई फुटलेली आणि कागद पिवळा पडलेला असल्यामुळे त्यांची केवळ छायाचित्रे साठवली जातात, आतला मजकूर शोधात येतच नाही. आणीबाणीत, म्हणजे जून 1975 ते मार्च 1977 या काळात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर असताना मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखालील स्थानबद्धांची खबर अशाच कागदांतून फिरत होती. त्या काळापुरते तरी, छापील अंकांपेक्षा ही पत्रके आधी मराठीत टंकून घेतली पाहिजेत, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

सध्या मी अशाच एका कागदाच्या शोधात आहे. 1982 साली पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील 15 महिला बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पाठवलेले पत्र याचिका म्हणून दाखल झाले आणि 15 फेब्रुवारी 1983 रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात आणि तेथे महिला शिपाई असाव्यात, स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी, असे आदेश त्यात आहेत. त्याच निकालात आणखी एक आदेश आहे, त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारे पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापावे, प्रत्येक पोलीस कोठडीत लावावे आणि अटक होऊन आलेल्याला त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावे, असे न्यायालयाने सांगितले.

त्या पत्रकाची त्या वेळची मराठी प्रत मला हवी आहे. निकाल संग्रहात आहे, पण ज्या भाषेत तो कोठडीतल्या बाईच्या कानावर पडायचा होता, तो मजकूर त्याच्याशेजारी असला पाहिजे. 1980 च्या दशकात मुंबईत कायदेविषयक मदतीचे, महिला संघटनांचे किंवा नागरी हक्कांचे काम केलेल्या कोणाच्या कपाटात ती प्रत असेल, तर कृपया तिचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि ती कोणत्या साली, कोणत्या पोलीस ठाण्यातून हाती आली, ते आठवत असेल तितके सोबत लिहावे. त्यावर कोणा बंदिवान स्त्रीचे नाव हाताने लिहिलेले असेल, तर ते मात्र झाकून ठेवावे.