सर्व्हिस झाल्याची पावती

ॲरिझोनातलं क्वार्ट्झसाइट उन्हाळ्यात पाहिलंत तर इथं कोणी राहतं यावर विश्वास बसणार नाही. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आत. जानेवारीत मात्र गावाभोवतीच्या सरकारी वाळवंटात नुसती जत्रा. उत्तरेकडची थंडी चुकवायला निवृत्त मंडळी चाकांवरची घरं घेऊन उतरतात. गावाजवळच्या ला पोसा या सरकारी मुक्कामतळाचा हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. परवाना काढायचा आणि महिनोन्महिने राहायचं. माझं पोट याच लोकांवर चालतं. जॅक, ग्रीसगन, सील, बेअरिंग असं सगळं व्हॅनमध्ये टाकून मी जागेवर जाऊन कामं करतो.

जानेवारी २०२४ मध्ये एका बाईंचा फोन आला. सत्तरी ओलांडलेल्या, ओरेगनच्या, एकट्याच. गाडी फिफ्थ व्हील. न्हावा शेव्याला कंटेनर ओढणारे ट्रेलर पाहिले असतील, तोच प्रकार, फक्त कंटेनरच्या जागी घर. ट्रेलरच्या पुढच्या बाजूचा खुंटा, म्हणजे किंगपिन, पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर बसवलेल्या जबड्यात अडकतो, आणि वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पिकअपवर येतो. म्हणून ही गाडी साध्या ट्रेलरइतकी शेपटी हलवत नाही. बाईंच्या गाडीचं वजन १४ हजार पौंड, म्हणजे सहा टनांच्या वर.

"ब्रेक दाबला की मागून कोणीतरी उजवीकडे खेचतंय असं वाटतं," त्या म्हणाल्या. "शेजारचे सगळे म्हणतात वारा असेल, रस्त्याचा उतार असेल. मला काही पटत नाही."

मला तिथंच बाई आवडल्या. जिला गाडीचं अंग कळतं ती बाई निम्मं निदान फोनवरच करून देते.

तळावर पोचलो तर त्यांनी वही काढून ठेवलेली. छताच्या सांध्यांवरचं सीलंट दर तीन महिन्यांनी तपासल्याच्या तारखा, गॅसच्या नळ्यांची गळती साबणाच्या पाण्यानं कधी बघितली ते, टायरची हवा, सगळं होतं. शिडी लावून छतावर चढलो. इथल्या उन्हात रबराच्या छताची कड उचलते, सीलंटला केसासारख्या भेगा पडतात आणि पुढच्या पावसात आतली लाकडी चौकट कुजायला लागते. यांचं छत मात्र नजर लागावी असं. जिथं भेग दिसली तिथं जुनं पुसून नवं सीलंट स्वतःच्या हातानं घातलेलं.

वहीतली एकच नोंद दुसऱ्याच्या हातची होती. गेल्या सप्टेंबरमध्ये एका वर्कशॉपमध्ये चारही चाकांची बेअरिंग काढून, धुऊन, नवं ग्रीस भरून घेतलं होतं. पावती वहीत पिनेनं टाचलेली. वर्षातून एकदा किंवा १२ हजार मैलांनी हे काम करायचं असतं आणि बाईंनी ते वेळेवर करून घेतलं होतं.

चाकाला ठोकळे लावले, ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवला आणि जॅक चासीखाली घेतला. ॲक्सलच्या नळीला जॅक लावायचा नाही. तिचा बाक बिघडला की टायर एका कडेनं खाऊन जातो. चाकं अधांतरी झाल्यावर ब्रेकअवेची पिन ओढली. ट्रेलर पिकअपपासून तुटला तर एका तारेनं ही पिन उपसली जाते आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीचा करंट थेट ब्रेकला मिळतो. ड्रमच्या आतला मॅग्नेट ड्रमला चिकटतो, दांडी खेचली जाते, लायनर (ब्रेकचे घासपट्टे) फाकून ड्रमला आतून घासतात. पिन ओढताच तीन चाकं जागच्या जागी जाम. मागचं डावं चाक मी हातानं फिरवलं तर घसटत घसटत फिरलं.

"तुम्हाला वाटत होतं ते खरं आहे," मी म्हटलं.

पिन परत बसवली आणि ड्रम उतरवला. आत लाल ग्रीसचा चिखल. लायनर, मॅग्नेट, सगळं बरबटलेलं. आता या ॲक्सलच्या टोकाला ग्रीस भरायचं निपल असतं. त्यातून भरलेलं ग्रीस दांड्याच्या आतून मागं सीलपर्यंत (ग्रीस ब्रेककडे जाऊ न देणाऱ्या रबरी कड्यापर्यंत) जातं, आतल्या बेअरिंगमधून पुढं सरकतं आणि जुनं ग्रीस तोंडाशी येतं. चाक उचलून, फिरवत फिरवत, हाताच्या गननं सावकाश भरलं तर ठीक. हवेच्या गननं घाईत दाबलं की ग्रीस सीलच उखडून ड्रममध्ये शिरतं. इथं तेच झालं होतं.

पण पावतीवर तर 'काढून, धुऊन' लिहिलेलं. मी बाईंना जवळ बोलावलं आणि दुसऱ्या चाकाची टोपी काढून दाखवली. नट सैल होऊ नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन नटाच्या खाचेत गंजून बसलेली. ही पिन सरळ केल्याशिवाय नट निघत नाही, नट निघाल्याशिवाय बेअरिंग निघत नाही, आणि एकदा वाकवलेली पिन परत कोणी वापरत नाही. बाहेरच्या बेअरिंगवर लाल ग्रीस. ते पुसलं तर आत रोलरच्या फटींत काळं, वाळलेलं. बेअरिंग धुतलं असतं तर दोन रंग दिसलेच नसते.

बाईंनी चष्मा लावून पिन नीट न्याहाळली, मोबाइलवर चारही चाकांचे फोटो काढले. चार पिना, चारही जुन्या. मग एकच वाक्य बोलल्या, "पैसे मी चार चाकांचे दिले होते."

लायनरमध्ये मुरलेलं ग्रीस निघत नाही, कोणी कितीही सांगो. एका बाजूचा ब्रेक नवा आणि दुसरा जुना असंही चालत नाही, म्हणून मागच्या ॲक्सलला दोन्हीकडे पूर्ण नवे ब्रेक बसवले. चारही बेअरिंग धुतली, डाव्या मागच्याचं बाहेरचं बेअरिंग तापून निळं पडलं होतं म्हणून ते ज्या कड्यात फिरतं त्या कड्यासकट बदललं, नवी सील, नव्या पिना. खाली वाकलोच होतो म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांकडे नजर टाकली. पाट्या चासीला जोडणाऱ्या शॅकलमधले प्लॅस्टिकचे बुश कधीच गेले होते आणि बोल्ट मधोमध झिजून डमरू झालेला. मला विचाराल तर हे प्लॅस्टिकचे बुश इतक्या जड गाड्यांना घालायचेच नाहीत. पितळी बुश आणि ग्रीसचे बोल्ट घालायला असा कितीसा खर्च येतो? तेही काम त्याच दिवशी उरकलं.

टायरची नक्षी अगदी भरलेली होती. पण बाजूवरचा आकडा ३२१७, म्हणजे २०१७ सालचा ३२ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयानं मरतात, विशेषतः असे उन्हात उभे राहून. कॅलिफोर्नियाला निघायच्या आधी ते बदलायचे, एवढं बाईंनी माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. त्यांचा रस्ता आय-१० चा, आणि चिरिआको समिटनंतर कोचेला खोऱ्यात उतरणारा उतार लांबलचक आहे. त्या उतारावर चारही ब्रेक लागतात.

संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा ब्रेक मारून पाहिले. गाडी सरळ थांबली.

बिल करताना बाईंनी थांबवलं. "प्रत्येक चाकाला काय केलं ते वेगवेगळं लिही. आणि जुन्या पिना मला दे." वर्कशॉपला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडच्या माणसानं आधी हमीची मुदत संपल्याचं सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "हमी केलेल्या कामाची असते. न केलेल्या कामाची मुदत कशी संपेल?" पिनांचे फोटो पाठवल्यावर मजुरी परत करायचं कबूल झालं, नव्या ब्रेकच्या खर्चावर मात्र त्यांचं बोलणं अजून चालूच होतं.

टायर बदलून त्या निघाल्या. चाकाचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा आवळायचे असतात. कोलोरॅडो नदी ओलांडून कॅलिफोर्नियातल्या ब्लाइथला थांबल्यावर त्यांचा मेसेज आला: दोन नट थोडे फिरले, बाकी घट्ट, आणि गीझरचा ॲनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) राहिला की बघायचा, तो मी स्वतः काढला तर चालेल का? मी उत्तर दिलं, चालेल, पण आधी गॅस बंद करा, पाणी गार होऊ द्या आणि टाकीतलं प्रेशर सोडून मगच पाना लावा.